‘बाप्’चा ‘राइस’ करू नका

कोरियन भाषेतला रोजच्या जेवणातला हा शब्द देवनागरीत लिहिला की मराठी माणसाला आधी हसू येतं. ‘बाप्’. पण शेवटचा प् मराठीसारखा फुटू द्यायचा नाही. ओठ मिटायचे आणि तिथेच थांबायचं. अर्थ विचारला तर कोशात पहिला मिळतो शिजवलेला भात, दुसरा जेवण. पुढे वापरात पोटापाण्याचा धंदा येतो, वाट्याला आलेला हिस्सा येतो आणि अगदी शेवटी, जरा रस्त्यावरच्या भाषेत, सहज चिरडता येईल असा माणूस. ‘मी काय तुझा बाप् आहे?’ असं कोरियन माणूस चिडून विचारतो तेव्हा त्याला विचारायचं असतं, ‘मला काय कच्चा खाशील?’

हे सगळे अर्थ मराठीला नवे नाहीत, आणि म्हणूनच पुढचा वाद घालायचा आहे. कोरियन मालिका, बातम्या, पाककृती, कादंबऱ्या मराठीत येतात त्या बहुतेक इंग्रजीवरून. मधल्या मुक्कामावर बाप्‌चा ‘राइस’ होतो किंवा ‘मील’ होतो, आणि मराठी अनुवादकाच्या हाती कोरियन शब्दाचा गाळलेला चोथा येतो. एका शब्दापुरतं पाहिलं तरी हा आडमार्ग सोडण्यासारखा आहे. इंग्रजीत जे मुळातच नाही ते मराठीत आहे, आणि तरी आपण इंग्रजीचं दारिद्र्य उसनं घेतो.

साधी गोष्ट पाहा. शेतात उभं पीक असतं त्याला कोरियनमध्ये ‘ब्यॉ’ म्हणतात, गिरणीतून सडून आलेल्या दाण्याला ‘स्साल’, आणि शिजला की तो ‘बाप्’. मराठीत शेतात भात किंवा साळ, पोत्यात तांदूळ, पानात भात. इंग्रजीत सहसा तिन्हीकडे ‘राइस’. त्यामुळे इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याला दर वेळी अंदाज बांधावा लागतो, आणि घाईत तो चुकतो. ‘आजीने गावाहून भात पाठवला’ असं वाक्य पडद्यावर उमटतं तेव्हा पात्राच्या खांद्यावर वीस किलोंचं तांदळाचं पोतं असतं. ज्या भाषेत हा भेद नाही तिच्याकडून आपण तो शिकू शकत नाही. ज्या भाषेत आहे तिच्याकडून थेट घेतला तर डोकं चालवायची गरजही पडत नाही.

बाप्‌ची लाक्षणिक रूपं समजायला तो शिजवतात कसा हे आधी माहीत हवं. कोरियन भाषेतले निम्मे वाक्प्रचार चुलीपाशी, झाकण उघडताना किंवा उघडायची घाई झाल्यावर जन्मलेले आहेत.

तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा. त्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) कमी, म्हणून शिजल्यावर शितं एकमेकांना धरून राहतात. आपल्याकडे बासमतीपेक्षा इंद्रायणी किंवा आंबेमोहोर त्याच्या जवळचा. पहिलं पाणी घालून दोनदा हात फिरवला की लगेच ओतून टाकायचं, कारण कोरडा दाणा पहिलंच पाणी सर्वांत जास्त शोषतो आणि त्या पाण्यात कोंड्याचा वास असतो. मग हलक्या हाताने आणखी तीन-चार वेळा. पाणी नितळ होईपर्यंत चोळत बसायचं नाही, दाणा तुटतो. अर्धा तास भिजत ठेवायचं. मोजमाप सांगायचं तर तांदळाच्या सव्वापट जवळपास पाणी. नव्या तांदळाला थोडं कमी, जुन्याला थोडं जास्त. घरोघरी मात्र पसरलेला तळहात तांदळावर ठेवून पाणी हाताच्या पाठीवर येईल इतकं घालतात. आपल्याकडे बोटाचं पेर बुडवून पाहतात, तोच प्रकार. पाणी एकदाच घालायचं. भात वेळून पेज काढून टाकणं हा प्रकार तिथे नाही. मोठ्या आचेवर उकळी, मग दहा-बारा मिनिटं मंद आच, मग आच बंद. आणि आच बंद केल्यावर झाकण न उघडता आणखी दहा मिनिटं.

या शेवटच्या दहा मिनिटांना ‘त्तुम्’ म्हणतात. या वेळात तळाची वाफ वर चढते, दाण्याच्या पोटात उरलेला कच्चेपणा जातो आणि वरचं ओलं, खालचं कोरडं असा फरक मिटतो. झाकण आधी उघडलं तर वाफ निघून जाते आणि शितात कणी राहते. आच सुरुवातीपासून जास्त असेल किंवा भांडं पातळ असेल तर ‘सामछुंगबाप्’ होतो, म्हणजे तीनमजली भात: तळाला करपलेला, मध्ये बरा, वर कच्चा. डोंगरात फिरायला जाणारे हमखास हा बनवतात, कारण उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि दाणा शिजायच्या आत उडून जातं. म्हणून झाकणावर दगड ठेवतात.

आता भाषेकडे या. ‘त्तुम् देणं’ म्हणजे बोलायच्या आधी उगाच वेळ काढणं, आढेवेढे घेणं. ‘त्तुम् देऊ नकोस, बोल’ याचा इंग्रजीमार्गे अनुवाद ‘वेळ वाया घालवू नकोस’ असा होतो आणि अर्धी गंमत जाते. कारण स्वयंपाकघरात त्तुम् वाया जात नाही, त्याशिवाय भातच होत नाही. वाक्प्रचारात चिडचीड असते तशी एक कबुलीही असते की समोरचा काहीतरी शिजवतो आहे. मराठीत ‘दम’ शब्द या जागेच्या जवळ येतो. भाताला दम देतात आणि माणसाला दम धरायला सांगतात. ‘किती दम धरायला लावतोस, बोल की’ हे वाक्य त्या कोरियन वाक्याच्या शेजारी बसू शकतं.

पाणी जास्त झालं की भाताचा ‘जुक्’ होतो, म्हणजे पेज. ‘परीक्षेत जुक् शिजवला’ म्हणजे पेपरचा विचका केला. ‘ना जुक् ना बाप्’ म्हणजे धड हे नाही, धड ते नाही. आणि ‘जुक् शिजवून कुत्र्याला घातला’ म्हणजे कष्ट आपले, फळ भलत्याच्या तोंडात. या शेवटच्यासाठी इंग्रजी अनुवादात एखादं अर्धा ओळीचं स्पष्टीकरण येतं, त्याचं मराठी आणखी पसरट होतं, आणि इकडे आपल्या आज्यांच्या तोंडी ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ तयार बसलेलं असतं. कुत्र्यासकट.

तसंच ‘तयार बाप्‌वर राख टाकणं’. लाकडाच्या चुलीवर झाकण उघडताना राख उडून आत पडणं ही तिथे रोजची भीती होती. मराठीत दुधात मिठाचा खडा. ‘दुसऱ्याच्या बाप्‌मधलं सोयाबीन टपोरं दिसतं’ याला आपल्याकडे दुसऱ्याच्या ताटातला लाडू आहे. ‘थंड बाप्, गरम बाप् निवडायची ही वेळ नाही’ याला भुकेला कोंडा, निजेला धोंडा. ‘नुसता बाप् संपवतो’ याला खायला काळ, भुईला भार. ‘मी तुझ्यापेक्षा जास्त बाप्‌चे वाडगे रिकामे केलेत’ हे लष्करात आणि कारखान्यात जुना माणूस नव्याला ऐकवतो. मराठीत तो चार पावसाळे जास्त पाहिल्याचं ऐकवेल. चित्र बदललं, तोरा तोच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. असं सगळंच मराठी करून टाकलं तर कोरिया उरला कुठे? सोलच्या गल्लीतला माणूस पावसाळे मोजायला लागला तर तो सांगली-साताऱ्याचा होऊन बसतो. आक्षेप खोटा नाही. अतिउत्साही अनुवादक उद्या ‘बाप्’च्या जागी ‘भाकरी’ घालेल, आणि अर्थाच्या विस्ताराने पाहिलं तर ते चुकीचंही नाही. देशावर भाकरी म्हणजे अन्न, रोजगार, वाटा, सत्तासुद्धा. भाकरी फिरवायची भाषा मराठी राजकारणात सगळ्यांना कळते. पण पडद्यावर वाडग्यातून वाफ निघत असताना कानावर भाकरी आली की प्रेक्षकाचा विश्वास उडतो. म्हणून बाप् जिथे डोळ्यांना दिसतो तिथे भात. जिथे तो जेवण आहे तिथे जेवण. जिथे तो रोजगार आहे तिथे पोट, अन्न, घास, शिधा असे शब्द, ज्यांत ठरावीक पदार्थाचं चित्र नाही. ‘बाप्‌ची दोरी तुटली’ म्हणजे नोकरी गेली. मराठीत पोटावर पाय आला. ‘बाप्‌चा चमचा खाली ठेवला’ म्हणजे माणूस गेला. त्याचा शिधा संपला.

जेवणाच्या बाबतीत तर मराठी इतकी तयार आहे की अडखळण्याचं कारणच नाही. ‘बाप् खाल्लास का?’ हा कोरियन माणसाचा ‘कसा आहेस?’ असतो. इंग्रजीत त्यावर टीप द्यावी लागते की हे आमंत्रण नाही, नुसती विचारपूस आहे. दुपारी दोन वाजता रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्याला ‘जेवण झालं का?’ विचारणाऱ्या मराठी समाजाला कसली टीप द्यायची? ‘कधीतरी बाप् खाऊ एकदा’ हे वाक्यही तसंच. ते म्हणणारा तारीख ठरवत नसतो. त्याचं मराठी ‘या ना एकदा निवांत’. कोरियात हल्ली ‘चल, बाप् खाऊ’ म्हणून लोक पिझ्झाही खायला जातात, आणि आपणही ‘जेवायला जाऊ’ म्हणून तेच करतो. कोरियन माणूस ‘तीन वेळच्या’ जेवणाची चिंता करतो, मराठी माणसाला ‘दोन वेळची’ भ्रांत असते. इथे आकडा बदलला तरच अनुवाद खरा होतो. आकड्याशी प्रामाणिक राहणारा इथे फसेल.

मानमरातबाच्या पायऱ्यांवर मात्र मराठीला थोडे कष्ट आहेत. कोरियनमध्ये ज्येष्ठांपुढे बाप् हा शब्दच बदलतो, तो ‘जिंजी’ होतो. राजाचा ‘सुरा’ होतो (इथे देवनागरीत लिहिणाऱ्याने दोनदा विचार करावा, मराठीत राजे भलतंच काही पिताना दिसतील). पितरांपुढे ठेवलेला ‘मे’, बौद्ध मठातला ‘गोंगयांग’. इंग्रजीत चारही ‘मील’. मराठीत नाम बदलत नाही पण सगळं वाक्य बदलतं: जेवलास का, जेवलात का, आजोबा आपलं जेवण झालं का. पितरांसाठी आपल्याकडे ‘पान वाढणं’ आहे, देवासाठी नैवेद्य. सुनेने सासऱ्यांना ‘जिंजी’ विचारली आणि पडद्यावर ‘तुम्ही खाल्लं का?’ उमटलं तर एक नातं उद्ध्वस्त झालं. कोरियन येणाऱ्या अनुवादकाला ही चूक करताच येणार नाही. इंग्रजीवरून करणाऱ्याला ती झाली हे कळणारही नाही.

आतापर्यंतचं बोलणं मालिकांपुरतं आहे असं वाटेल. करमणुकीत एक शब्द इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण या शब्दावर कोरियात निवडणुका आणि कायदे झाले आहेत, आणि तिथल्या राजकारणाच्या बातम्याही आपण याच आडमार्गाने वाचतो.

‘नुनचिप्पाप्’ हा शब्द घ्या. ‘नुनची’ म्हणजे दुसऱ्याचा चेहरा वाचून आपण कुठे उभे आहोत हे ओळखणं. नुनचिप्पाप् म्हणजे दुसऱ्याच्या नजरेकडे बघत, अंग चोरून गिळलेला घास. काकाच्या घरी वाढणारं पोरकं पोर जे खातं ते. मराठीत याला एकच नाम नाही, पण ‘मिंधेपणाचा घास’ म्हटलं की अंगावर काटा तोच येतो. 2009 पासून सोलभोवतीच्या ग्यॉंगी प्रांतातून शाळेत सर्व मुलांना विनाशुल्क जेवण देण्याची मागणी पुढे आली आणि 2010 च्या स्थानिक निवडणुकांत ती मोठा मुद्दा बनली. तोवर मोफत जेवण फक्त गरीब मुलांना होतं, आणि ते मिळवायला आईवडिलांना गरिबीचे पुरावे द्यावे लागत. सर्वांना जेवण मागणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद एका शब्दात मावत होता: मुलांना नुनचिप्पाप् खायला घालू नका.

सोलचे महापौर ओ से-हून यांनी या प्रश्नावर 24 ऑगस्ट 2011 रोजी सार्वमत घेतलं. पर्याय दोन होते: महापौरांना हवा असलेला, म्हणजे उत्पन्नाने खालच्या निम्म्या घरांतल्या मुलांना 2014 पर्यंत टप्प्याटप्प्याने जेवण, किंवा प्राथमिक शाळेतल्या सर्वांना 2011 पासून आणि माध्यमिकच्या सर्वांना 2012 पासून. विरोधी पक्षांनी मतदानावरच बहिष्कार टाकला. मतपेट्या उघडायला एकतृतीयांश मतदान लागत होतं, झालं 25.7 टक्के. पेट्या उघडल्याच नाहीत आणि महापौरांनी राजीनामा दिला.

इंग्रजी वृत्तसंस्थांनी ही बातमी ‘फ्री लंच’चं सार्वमत म्हणून दिली. आता इंग्रजीत ‘फ्री लंच’ हा निष्पाप शब्द नाही. फुकटचं जेवण असं काही नसतंच, कुणीतरी पैसे मोजतोच, ही म्हण त्याच्या शेपटीला बांधलेली आहे. म्हणजे मथळ्यानेच महापौरांच्या बाजूला अर्धं मत देऊन टाकलं. कोरियन सरकारी शब्द होता ‘मुसांग गुप्शिक्’, कोरडा, कार्यालयीन, विनाशुल्क अन्नपुरवठा. आणि रस्त्यावरचा शब्द होता नुनचिप्पाप्, जो पूर्ण उलट्या बाजूला झुकलेला. मराठी वाचकाला ‘मोफत भोजन’ वाचून त्या वादातलं काहीच कळणार नाही, उलट रेवडी वाटपाची आठवण येईल. खरं तर हा वाद भारतीय वाचकाला सर्वांत लवकर कळावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर आपल्या सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न सरसकट मिळू लागलं. खिचडीच्या रांगेत उभ्या पोराला उत्पन्नाचा दाखला कुणी विचारत नाही. ‘सगळ्यांना एका पंगतीत, की दाखला दाखवणाऱ्यांना वेगळं?’ असा मथळा दिला असता तर सोलचं भांडण सोलापुरात समजलं असतं.

दुसरं उदाहरण शेतकऱ्यांचं. 2018 मध्ये तांदळाचा लक्ष्यभाव, म्हणजे सरकारी भरपाईसाठी धरायचा भाव, ठरवताना शेतकरी संघटनांनी घोषणा दिली: ‘एक वाडगा बाप्, 300 वॉन’. एका वाडग्याला 100 ग्रॅम तांदूळ धरला तर 80 किलोंच्या पोत्यात 800 वाडगे होतात, म्हणजे पोत्याला 2 लाख 40 हजार वॉन. मागणी पोत्याचीच होती. पण पोत्याचा भाव ऐकून शहरातला ग्राहक ‘महागाई’ म्हणतो. वाडग्याचा भाव ऐकून तो हातातल्या कॉफीच्या किमतीकडे बघतो. ‘स्साल’चा हिशोब ‘बाप्’मध्ये करून मांडणं हीच त्या घोषणेची सगळी चाल होती. तिचा अनुवाद ‘तांदळाला 300 वॉन भाव द्या’ असा झाला तर वाचणाऱ्याला वाटेल, किलोला? क्विंटलला? आणि चाल तर गेलीच.

उलटी चाल फसल्याचंही उदाहरण आहे. जास्त पिकलेला तांदूळ सरकारने खरेदी करावा असं बंधन घालणारी धान्य व्यवस्थापन कायद्यातली दुरुस्ती राष्ट्राध्यक्ष युन सॉक-यॉल यांनी 4 एप्रिल 2023 रोजी नाकारली. उत्पादन गरजेपेक्षा 3 ते 5 टक्के जास्त झालं किंवा भाव 5 ते 8 टक्के पडला तर खरेदी सक्तीची, अशी तरतूद होती. दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी पक्षाच्या एका नेत्या रेडिओवर बोलल्या की लोकांनी वाडग्यातला बाप् संपवायची मोहीम काढायला हवी. देशभर खिल्ली उडाली. प्रश्न स्सालचा होता, गोदामाचा, भावाचा. त्यांनी उत्तर बाप्‌मध्ये दिलं, म्हणजे ताटात टाकू नये या आजीच्या शिकवणीत. 1970 साली कोरियन माणूस वर्षाला 136.4 किलो तांदूळ खात होता, 2023 मध्ये 56.4 किलो. दिवसाला जवळपास पावणेचार वाडग्यांवरून दीड वाडग्यावर आलेला देश वाडगा चाटूनपुसून गोदामं रिकामी करणार नव्हता.

या विनोदाला जुनी कडू धार आहे, तीही बाप्‌च्या वाडग्यातच. तांदूळ अपुरा होता तेव्हा सरकारने लोकांना कमी खायला लावलं होतं. 1969 पासून काही वर्षं बुधवारी आणि शनिवारी दुपारी खाणावळींत भात विकायला बंदी होती. शाळेत शिक्षक डबे उघडून भातात सातू मिसळलाय का ते पाहत. आणि 1976 मध्ये सोल महापालिकेने खाणावळींतल्या वाडग्याचं मापच ठरवून दिलं: स्टेनलेस स्टील, व्यास 10.5 सेंटिमीटर, उंची 6 सेंटिमीटर, भरायचा चारपंचमांश. नियम मोडला तर महिनाभर धंदा बंद, दुसऱ्यांदा मोडला तर परवाना रद्द. आज कोरियन खाणावळीत झाकणाचा तो छोटा चकचकीत वाडगा पाहून पर्यटक फोटो काढतात. ज्या सरकारने वाडगा लहान केला त्याच्याच वारसांनी तो संपवायला सांगावा, हे ऐकून म्हातारे हसले ते उगीच नाही. ‘राइस बाउल’ लिहिणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

वाडग्यावरून आठवलं. ‘बाप्‌च्या वाडग्याचं भांडण’ म्हणजे आपापल्या क्षेत्राची हद्द राखायची झटापट. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागा 3,058 वरून 5,058 करायचं जाहीर केल्यावर निवासी डॉक्टरांनी काम सोडलं, तेव्हा टीकाकारांनी त्यांच्यावर हाच शब्द फेकला: आपला वाडगा राखताहेत. मराठीत ‘आपल्याच पोळीवर तूप ओढताहेत’ म्हणता येईल, पण पोळीवर तूप ओढणारा जास्तीचं मागतो आणि वाडगा राखणारा असलेलं सोडत नाही. दोन्ही आरोप वेगळे आहेत, आणि डॉक्टरांची बाजू समजायची तर हा फरक महत्त्वाचा. इथे म्हणीच्या मोहात न पडता ‘आपलं ताट सांभाळताहेत’ असं साधं लिहावं. सरकारी नोकरीला कोरियन लोक ‘लोखंडी बाप्‌चा डबा’ म्हणतात, पडला तरी न फुटणारा. ते चित्र जसंच्या तसं ठेवावं. मराठी वाचकाला सरकारी नोकरी कशी असते हे समजावायची गरज नाही.

सारखं दिसणारं प्रत्येक वेळी सारखं नसतं, आणि थेट अनुवाद करणाऱ्यालाही इथे ठेच लागेल. कुटुंबाला कोरियनमध्ये ‘शिक्कु’ म्हणतात, शब्दशः खाणारी तोंडं. मराठीत ‘घरात खाणारी तोंडं सहा’ म्हटलं की ओझं ऐकू येतं, कोरियनमध्ये माया. कंपनीतला वरिष्ठ नव्या माणसाला ‘आता तू आमचा शिक्कु’ म्हणतो तेव्हा ‘घरचा’ हाच शब्द बरोबर. ‘बाप्‌ची किंमत करणं’ हे मिठाला जागण्यासारखं दिसतं, पण मीठ निष्ठा मागतं आणि बाप् काम मागतो. फुटबॉलपटू दोन गोल मारून ‘आज बाप्‌ची किंमत केली’ म्हणतो. त्याला मिठाला जागवलं तर तो मालकाचा गुलाम वाटेल. ‘एका भांड्यातला बाप् खाणं’ म्हणजे एका संघात, एका कार्यालयात असणं. आपल्या ‘एका ताटात जेवणं’ यात जिवलग मैत्री आहे, तेवढी तिथे नाही. क्रीडापानावर ‘दोघे आता एकाच संघात’ पुरे.

आणि ‘खोंगबाप्’, सोयाबीनचा भात. ‘खोंगबाप् खाशील’ म्हणजे तुरुंगात जाशील. जपानी अमलात 1936 च्या तुरुंगाच्या आहारात तांदूळ 10 टक्के, सोयाबीन 40 टक्के आणि बाकी राळ्यासारखं भरड धान्य होतं. सोयाबीन 1986 मध्ये कैद्यांच्या भातातून गेलं, भाषेतून गेलं नाही. आज आरोग्याच्या नावाखाली घरोघरी खोंगबाप् आवडीने शिजतो, त्यामुळे पडद्यावर आई ‘आज खोंगबाप् आहे’ म्हणते आणि पोलीस ‘तुला खोंगबाप् खायला घालतो’ म्हणतो. पहिल्या ठिकाणी सोयाबीन घातलेला भात. दुसऱ्या ठिकाणी खडी फोडायला पाठवतो. शब्द एक म्हणून अनुवाद एक ठेवणाऱ्या यंत्राने इथे आईला धमकी देताना दाखवलं तर आश्चर्य नको.

थेट अनुवादाला माणसं कुठून आणायची, हा खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे, रांजणगाव आणि तळेगावच्या कोरियन कारखान्यांमुळे पुण्याच्या परिसरात या भाषेला पोटापाण्याचं मोल आहे, आणि मालिका पाहून आपणहून कोरियन शिकलेल्या मुलामुलींची तर गावोगावी भर पडते आहे. त्यांना दुभाष्याची कामं मिळतात, अनुवादाची मिळत नाहीत, कारण प्रकाशक आणि वाहिन्या इंग्रजी संहिता हातात ठेवतात आणि शब्दामागे दर ठरवतात. निदान एवढं करता येईल: इंग्रजी मसुद्यासोबत मूळ कोरियन मजकूर द्यावा, आणि कोरियन येणाऱ्या एका माणसाला शेवटचा हात फिरवायला ठेवावं. त्याने सुरुवात फक्त ‘राइस’ आणि ‘मील’ जिथे आले तिथे खूण करण्यापासून करावी. प्रत्येक खुणेपाशी त्याने विचारावं: वाडगा दिसतोय का, कोण कोणाशी बोलतंय, भूक आहे की नोकरी की अपमान? एका भागात अशा दहा-पंधरा जागा निघतील. तासाभराचं काम.

त्यातली शेवटची जागा बहुतेक फोनवरची असेल. परगावी राहणाऱ्या लेकीशी आई पाच मिनिटं हवापाण्याचं बोलते, कशावरून तरी खटका उडतो, आणि फोन ठेवताना ती म्हणते, ‘बाप् नीट खात जा.’ इंग्रजीत तिथे ‘टेक केअर’ असतं आणि मराठीत ‘काळजी घे’ उतरतं. मराठी आई तिथे ‘वेळेवर जेवत जा’ म्हणते.